बरोबरची खूण

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर बसलेल्या माणसाला आपण महाराष्ट्रात आहोत की गुजरातेत, हे बाकडे कुठे आहे ते पाहून ठरवावे लागते. दोन राज्यांची हद्द फलाटावरूनच गेली आहे. आमच्या लहानपणी याची मोठी गंमत वाटे. एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून आम्ही उभे राहत असू. पुढे आयुष्यच तसे जाईल, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

तापी खोऱ्याची ही गाडी अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली करीत उधन्याला येते. उधन्याला उतरले की नवागाम, डिंडोली, लिंबायत या वस्त्या जवळच. खानदेशातली हजारो कुटुंबे या वाटेने आली आणि इथेच राहिली. कोणी पॉवरलूमवर बारा बारा तासांच्या पाळ्या करतो, कोणी रंगाईच्या मिलमध्ये, कोणी भरतकामाच्या यंत्रावर. नवागामच्या गल्लीत सकाळी कान दिला तर घरातून अहिराणी ऐकू येते, दुकानावर गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी. मग दप्तर पाठीला लावून पोर महापालिकेच्या मराठी शाळेत जाते आणि तिथे चौथीच भाषा भेटते, पुस्तकातली मराठी. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. एका शहराने सात भाषांत बालकांना अक्षरे शिकवावीत, ही साधी गोष्ट नव्हे. मी अशाच मराठी शाळांतून आयुष्यभर शिकवले आणि आता निवृत्त होऊन नवागामातच राहतो.

सरकारी शाळेतल्या शिक्षकाचा दर्जा वाढवायचा असेल, तर सरकार आणि बाहेरच्या संस्था यांनी हातात हात घालून काम करावे, असे आता सर्वच म्हणतात. त्यासाठी ‘भागीदारी’ हा शब्द रूढ झाला आहे. मला त्यावर थोडे बोलायचे आहे. भागीदारी हा धंद्यातला शब्द, आणि सुरतेतल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भागीदार तो, ज्याचा नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा. मग शाळेच्या या भागीदारीत तोटा कोण सोसतो? आणि ज्याला सुधारायचे, तो शिक्षक भागीदार आहे, की दुकानातला माल?

हा प्रश्न मला पुस्तके वाचून पडलेला नाही. आधी माझीच एक चूक सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, ती कुठली हे सांगण्याचे कारण नाही, तिथे एका संस्थेचे तरुण लोक आले. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी ते रोज वेगळा वर्ग घेणार होते. त्यासाठी कोणाला वाचता येते आणि कोणाला येत नाही, याची यादी वर्गशिक्षकाने करायची होती. माझा चौथीचा वर्ग साठाच्या घरातला. मी एकेकाला उभे करून चार ओळी वाचायला लावल्या. निम्म्याहून अधिक पोरे अडखळली, काही तर पहिल्याच अक्षरापाशी थांबली. मी यादी केली आणि ती पाहून माझाच चेहरा उतरला. ही पोरे दोन वर्षे माझ्याच हाताखाली होती. यादी वरती जाणार, तिथे विचारणा होणार. एका हितचिंतक सहकाऱ्याने सुचवले, ‘‘गुरुजी, इतकी नावं देऊ नका. दहा-बारा द्या. तेवढी चालतात.’’ मी तसेच केले. उरलेल्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. वाचतो. वाचते. वाचतो.

त्यातल्या एका पोराचा बाप लूमवर रात्रपाळी करी. पोरगा तसा हुशार, पण अक्षराला अक्षर जोडताना गोंधळे. त्याच्या नावापुढेही माझी खूण होती. तो त्या वेगळ्या वर्गात गेला नाही, कारण माझ्या कागदाप्रमाणे त्याला वाचता येत होते. सातवीनंतर तो शाळेतून गेला, तेव्हाही त्याला धड वाचता येत नव्हते. कोणी मला जाब विचारला नाही. संस्थेचे काम चांगले झाले, असा अहवाल गेला. शाळेचे नाव राहिले. तोटा एकट्या त्या पोराने सोसला.

आता जरा बाजूला सरून जाणत्यांनी केलेले प्रयोग पाहू.

मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकांच्या शाळांतून बालसखी नावाचा उपक्रम चालवला. वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली एखादी मुलगी नेमायची, तिला थोडे दिवस शिकवून तयार करायचे, आणि मागे पडलेली पंधरा-वीस मुले घेऊन तिने रोज दोनेक तास त्यांना वाचन आणि अंकगणिताचा पाया शिकवायचा. २००१ ते २००३ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी या उपक्रमाची काळजीपूर्वक तपासणी केली. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो हे त्यांत होते, पुढे २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मुले खरोखरच शिकली, आणि सर्वांत मागची मुले सर्वांत जास्त. मात्र त्याबरोबर दोन गोष्टी दिसल्या. एक, ही मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्ग लहान झाला, तरी तिथे उरलेल्या मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. दुसरी, उपक्रम संपल्यावर वर्षभरात कमाईचा बराच भाग ओसरला.

पहिली गोष्ट आम्हा शिक्षकांना झोंबणारी आहे. वर्ग मोठा आहे म्हणून शिकवता येत नाही, असे आम्ही म्हणत आलो. वर्ग लहान झाला, तरी शिकवणे तेच राहिले. दुसरी गोष्ट संस्थांना झोंबावी अशी आहे. पाहुणा गेला की चूल थंड, असे झाले तर घर सुधारले असे कसे म्हणावे?

मग ही पद्धत सरकारी शिक्षकांच्याच हाती देण्याचा प्रयत्न झाला. बिहारात शिक्षकांना प्रशिक्षण दिले, साहित्य दिले. उन्हाळी शिबिरात त्याच सरकारी शिक्षकांनी मुलांना उत्तम शिकवले, आणि शाळा सुरू झाल्यावर तेच शिक्षक, तेच साहित्य, पण फारसे काही घडले नाही. कारण शाळेच्या दिवसांत पाठ्यक्रम पुरा करणे हे शिक्षकाचे काम मानले जाते. मागच्या मुलाला वर आणणे हे त्याच्या सवडीचे काम. पुढे हरियाणात २०१२-१३ साली चारशे शाळांत निराळे केले. वेळापत्रकातच रोजचा एक तास या कामासाठी ठेवला, इयत्ता बाजूला ठेवून मुलांना येते त्याप्रमाणे गट पाडले, आणि त्या तासाला शाळेत येऊन मदत करणारे अधिकारी नेमले. तेव्हा सरकारी शिक्षकांच्याच हातून मुलांचे वाचन सुधारले.

याचा सरळ अर्थ असा, की शिक्षकाला येत नव्हते असे नाही. त्याला ते करण्याची मुभा नव्हती आणि न करण्याची सवय झाली होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुभा सरकारने द्यायची असते. सवय मोडायची ती ज्याची त्याने.

अर्थात, एवढ्यावरून सारा दोष व्यवस्थेवर टाकून मोकळे होणे मला जमत नाही. व्यवस्थेने माझ्या हातात पेन दिले, पण खूण मी केली. मात्र ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याची मान खाली जाते आणि खोटे सांगणाऱ्याचे काम सुरळीत चालते, ती व्यवस्था माणसाकडून रोज थोडे धैर्य मागते. रोजच्या रोज धैर्य मागणारी नोकरी फार दिवस नीट चालत नाही. साध्या माणसाला साधेपणाने खरे बोलता यावे, अशी सोय करणे हेदेखील नीतीचेच काम आहे.

आता आमच्या खानदेशाची गोष्ट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढले. केंद्राच्या पहिल्या कामांपैकी एक जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत झाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी विज्ञानाचे शिक्षण सुधारायला निघाले होते. त्यांना आढळले की मूल विज्ञानापाशी अडण्याआधी भाषेपाशीच अडते. पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. त्यांनी पाठांची भाषा सोपी करून पाहिली, आणि विज्ञान तेच राहूनही मुलांना ते अधिक समजू लागले. मुंबईच्या महापालिका शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम करतानाही भाषेचा हा अडसर त्यांनी ओळखला.

हे मी वाचले तेव्हा मला माझा वर्ग आठवला. बाष्पीभवनाचा धडा चालला होता. व्याख्या फळ्यावर लिहून झाली. पोरे ती सुरात म्हणत होती. तेवढ्यात एकाने विचारले, ‘‘गुरुजी, कपडा सुकस, मंग पानी कथं जास?’’ सगळा वर्ग हसला. मीही हसलो, आणि ‘‘नीट मराठीत बोल’’ म्हणालो. वास्तविक सगळ्या वर्गात बाष्पीभवनाचा खरा प्रश्न त्या एकट्यालाच पडला होता. आम्ही सर्वांनी शब्द घेतला होता, त्याने वस्तू धरली होती. त्यानंतर तो वर्गात कधी काही विचारताना मला आठवत नाही.

सीमेवरच्या घरांतून आपण मराठीच्या अन्यायाबद्दल पुष्कळ बोलतो. ते खोटे नाही. पण आपल्याच शाळेत आपल्याच पोराच्या अहिराणीला आपण काय वागवतो, तेही पाहायला हवे. दिल्ली-मुंबईच्या तज्ज्ञाला हे आपण होऊन कळणार नाही. इथे शिक्षक हाच जाणता. भागीदारीत त्याचे भांडवल हेच आहे. पोराच्या घरची भाषा, बापाची पाळी, आईचे गाव हे सारे त्याला ठाऊक असते. पण हे भांडवल कोणी त्याच्याकडे मागत नाही, आणि तोही ते काढून दाखवत नाही.

शिक्षकाला असा बरोबरीचा मान देणारे काम आपल्या शेजारी झाले आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा निराळा कार्यक्रम सुरू केला. शासनाची त्याला परवानगी होती. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, पाहिलेले लिहायचे, आणि परीक्षेला पुस्तक व वही बरोबर न्यायची. शिक्षकांची शिबिरे होत, दर महिन्याला गोष्ठी होत. वर्गात काय जमले आणि काय फसले, ते तिथे शिक्षकच मांडत. त्यांनी सांगितल्यावरून पुस्तके बदलली जात. विद्यापीठातले प्राध्यापक आणि खेड्यातला गुरुजी एका सतरंजीवर बसून बेडकाबद्दल वाद घालीत. १९७८ साली कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ साली त्यातूनच ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. पुष्कळ सरकारी शिक्षक पुढे इतर शिक्षकांचे शिक्षक झाले. आणि २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले.

म्हणजे संस्था निघून गेली तर मुले उघडी पडतात, आणि शासनाने हात काढला तर शिक्षक उघडे पडतात. मग भागीदारी करूच नये का? काही विचारी माणसे तसे म्हणतातही. शिक्षण हे शासनाचे कर्तव्य आहे, ते बाहेरच्यांनी का करावे? त्यामुळे शासनाला जबाबदारी झटकायला निमित्त मिळते. या आक्षेपात तथ्य आहे. गुजरातेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस विद्यासहायक आणि महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक या नावांनी ठराविक मानधनावर शिक्षक नेमण्याची पद्धत आली. शिक्षकाला कमी पैशात अर्धवट नेमायचे आणि त्याचा दर्जा वाढवायला संस्था बोलवायची, हा हिशेब कसा जुळावा? महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हा हिशेब आधीच मांडून ठेवला आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगराला हात लावायची त्यांना लाज नसावी, आणि त्यांचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा, असे त्यांनी सांगितले. प्रशिक्षण, समाजाशी नाते आणि पोटापुरते वेतन या तिन्ही गोष्टी त्यांनी एका दमात मागितल्या. आपण त्यातली पहिली तेवढी उचलतो, कारण शिबिर भरवणे सर्वांत स्वस्त.

तरीही बाहेरच्याची गरज असते, असे मला वाटते. याचे उदाहरण गुजरात आणि महाराष्ट्र यांच्या मधल्या उंबऱ्यावरच आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढले. ते मुळात वकील, म्हणजे शिक्षणाला बाहेरचेच. मराठी घरातल्या ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्याबरोबर राबल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभारला. पुढे ताराबाईंनी गुजरातच्या सीमेजवळ बोर्डीला १९४५ साली ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडला आदिवासी पाड्यांत नेले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर शेवटपर्यंत राहिल्या. ‘शेवटपर्यंत राहिल्या’ हे शब्द मी मुद्दाम लिहितो. त्या तीन वर्षांच्या प्रकल्पावर आल्या नव्हत्या.

गिजुभाईंच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक कल्पनेतला असला तरी तो सरकारी शाळेत चौथीच्या वर्गावर जातो आणि शिक्षणाधिकाऱ्याकडे प्रयोगाची परवानगी मागतो. मला त्यात शिक्षकाइतकाच तो अधिकारी महत्त्वाचा वाटतो. त्याच्या मनात शंका आहे, तरी तो वर्ग देतो, वाट पाहतो आणि स्वतः येऊन पाहतो. आपल्याकडे स्वप्न पाहणारे शिक्षक पुष्कळ निघतील. वाट पाहणारे अधिकारी दुर्मिळ.

तेव्हा भागीदारीच्या अटी माझ्या अल्पमतीप्रमाणे अशा असाव्यात. संस्थेने येताना जाण्याची तारीख सांगावी, आणि आपण गेल्यावर काम कोण करणार, ते पहिल्याच दिवशी ठरवावे. शासनाने त्या कामाला वेळापत्रकात तास द्यावा आणि शिक्षकाच्या पाठीवरची नसती ओझी उतरवावीत. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून इतर बिगरशैक्षणिक कामांना मनाई केलेली आहे, ती पाळावी. शिक्षकाने मुलाला काय येत नाही, ते लिहावे. आणि ते लिहिल्याबद्दल कोणी त्याला शिक्षा करू नये, उलट तिथूनच मदत सुरू व्हावी. रोग लपवणाऱ्या रोग्याला धन्वंतरीही बरा करू शकत नाही.

चौथा भागीदार आपण पालक. मी हे जरा भीत भीतच लिहितो. आपल्यापैकी ज्यांचे थोडे बरे चालले, त्यांनी पोरांना इंग्रजी शाळेत घातले. मीही घातले. मराठी शाळेत शिकवून पोटाची खळगी भरली आणि घरच्या पोराला मात्र दुसरीकडे पाठवले. त्यावर कोणी बोट ठेवले तर माझ्यापाशी उत्तर नाही. पण त्यामुळे झाले असे, की मराठी शाळेत येऊन जाब विचारू शकणारी माणसे निघून गेली. उरली ती बारा तासांची पाळी करणारी, मास्तरापुढे हात जोडून उभी राहणारी. जिथे कोणी विचारत नाही, तिथे बरोबरची खूण फार सोपी होते.

गेल्या जूनमध्ये नवागामच्या भाजीबाजारात एका माणसाने वाकून नमस्कार केला. भरतकामाच्या यंत्रावर कामाला असतो म्हणाला. मी ओळखले. तोच तो. हिशेब त्याला तोंडी चोख येतो, यंत्रावरचे नक्षीचे आकडे खुणेने ओळखतो, कागद आला की बायकोकडून वाचून घेतो, असे त्याने हसत सांगितले. त्या हसण्यात माझ्याविषयी राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

मग म्हणाला, ‘‘गुरुजी, पोरगी सहा वर्सांची झाली. तुमच्या मराठी शाळेत टाकू, की कर्ज काढून इंग्लिशमध्ये?’’

मी त्याला त्या यादीविषयी सांगणार होतो. बाजारात, माणसांच्या गर्दीत, ते तोंडातून निघाले नाही. म्हणून ते इथे लिहिले आहे. त्याच्यापर्यंत हे पोहोचणार नाही, कारण त्याला वाचता येत नाही, आणि त्याचे कारण वर सांगितलेच आहे.

त्याला मी एवढेच म्हणालो, ‘‘मराठी शाळेत टाक. पण दर महिन्याला एक दिवस जा. बेनला पोरगी कशी आहे म्हणून विचारू नकोस, त्या चांगली आहे म्हणतील. ‘माझ्या पोरीला अजून काय येत नाही,’ असं विचार. आणि त्यांनी खरं सांगितलं, तर रागावू नकोस.’’

‘‘असं विचारलं तर चालतं का, गुरुजी?’’ त्याने विचारले.

‘‘चालतं,’’ मी म्हणालो. ‘‘पहिल्यांदा मी येतो तुझ्याबरोबर.’’